रिकाम्या बाटल्यांसाठी

इनास मेस्तनं हौद्याच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले,
गाडी एकदा दाबली आणि सोडून दिली.
"मोज," म्हणाला.
एक. दोन. तीन. चार.
धडकी गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते.
माझी डुलतच राहिली,
घुमट थांबलं तरी मान हलवणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

खाली सरकून पाहिलं.
मागचा डावा शॉक तेलानं ओला,
त्यावर रिवणची लाल धूळ बसलेली, भज्याला पीठ बसावं तशी.
सतरा वर्षं झाली.
हौद्याचा पत्रा दोनदा बदलला.
पुढच्या वर्षी पासिंगला उभी राहील ना रे?
"राहील," इनास म्हणाला.
मग हात पुसत, "बहुतेक."

मी सोडा वाहतो. गोटीचा, काचेच्या बाटलीतला.
कुडचड्याहून तिळामळ, रिवण, गुरुवारी नेत्रावळी.
बेचाळीस क्रेट, क्रेटला चोवीस:
एक हजार आठ.
आकडा देवाचा, पण मी काही ठरवून धरला नाही,
हौद्यात तेवढेच मावतात.

मडगावला कुडतरकरांनी काउंटरवर तीन खोकी मांडली.
एक कंपनीचा, तेलाचा, काळा, दिसायला अगदी साधा.
एक गॅसचा, पिवळाधमक, दांडा दाबला तर हात परत ढकलणारा.
एकाच्या खोक्यावर कंपनीचंच नाव,
फक्त एक अक्षर चुकलेलं, किंमत निम्मी.
मी पिवळ्यावर हात ठेवला. ओझं आहे ना, म्हटलं,
कडक बरा.

"ओझं पाटे उचलतात," कुडतरकर म्हणाले,
"शॉक ओझं उचलत नाही.
हललेलं थांबवतो, एवढंच त्याचं काम.
गाडी भरलेली किती असते, रिकामी किती?"

जाताना भरलेली, मी म्हटलं.
येताना पण भरलेलीच,
रिकाम्या बाटल्यांनी.
ते हसले नाहीत. म्हणाले, "मग फुटतात कधी?"

हे मला ठाऊक नव्हतं.
दुकानाच्या पायरीवर येऊन सुहासिनीला फोन लावला.
ती बाटल्या धुते, फुटलेल्या वेगळ्या काढते,
कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून ठेवते.
"येताना," ती म्हणाली. नळ चालूच होता.
"जाताना एखाददुसरी. येताना नऊ, अकरा, परवा चौदा.
आठ वर्षं लिहितेय.
तू काय फक्त तारखा बघतोस?"

खरं होतं. आवाजही तसाच की.
भरल्या बाटलीत गोटी गळ्याशी घट्ट,
आतला वायूच तिला धरून ठेवतो.
सोडा पिऊन झाला की ती सुटते,
आणि मग प्रत्येक खड्ड्याला
एक हजार आठ गोट्या, आपापल्या काचेत, एकदम.
मी टेपचा आवाज वाढवत आलो होतो.

पिवळा रिकाम्या गाडीला उडवील, कुडतरकर म्हणाले.
काळा घेतला. दोन, मागचे.
एकटा नवा घालू नये, गाडी लंगडते.
पुढचे चवथ झाल्यावर बघू.
"अजून किती वर्षं ठेवणार गाडी?"
पावती फाडता फाडता त्यांनी विचारलं,
मी सुटे मोजत राहिलो.

संध्याकाळी इनासनं जुना काढून माझ्या हातात दिला.
दांडा आत ढकलला,
कुठेच अडला नाही.
ओढला, तसाच आला.
इतकी वर्षं हा माझ्या बाजूनं
कशाशीच भांडत नव्हता.

गुरुवारी नेत्रावळीहून परतताना
कपेलाकडचा तो उंच गतिरोधक,
पंचायतीनं रंगवायचा राहिलेला.
मागचं चाक चढलं, उतरलं.
गोट्या एकदा वाजल्या.
मग नाही.

मीच तेवढा सवयीनं
स्टिअरिंग घट्ट धरून
दुसऱ्या हेलकाव्यासाठी
थोडा पुढे झुकलेला.